तुरळक म्हंजे काय

कार्यक्रमाचं नाव होतं ‘आज आबाळात काय?’ पुस्तकी मराठीत आबाळ म्हणजे हेळसांड आणि कोल्हापूरच्या बोलीत आबाळ म्हणजे डोक्यावरचं आभाळ. एका निवृत्त गुरुजींनी पत्र पाठवून ही चूक दाखवून दिली, तेव्हा ‘पंचक्रोशी’ वाहिनीचे मालक उदयसिंह यांनी ते पत्र फ्रेम करून ऑफिसात टांगलं. नाव काही बदललं नाही. ज्याला आभाळ पाहिजे त्यानं मुंबईची वाहिनी बघावी, असं त्यांचं रोखठोक म्हणणं होतं.

तशी ‘पंचक्रोशी’ म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, एक हिरवा पडदा आणि दोन कॅमेरे, त्यातला एक चालू. संध्याकाळी सातला बातम्या, मग निधनवार्ता आणि मग हवामान. हवामान सांगायची अवंतिका. वडील भूगोलाचे शिक्षक, ती स्वतः भूगोलात एम.ए., घरात बोलणं अगदी शुद्ध. पण उदयसिंहांनी तिला घेतलं ते तिच्या दुसऱ्या बोलीसाठी. ती पडद्यापुढं उभी राहायची आणि म्हणायची, “रामराम मंडळी. मी अवंतिका. आबाळ बघून आलोय, आता सांगतो.” कोल्हापूरच्या पोरी ‘आलो-गेलो’च म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पुण्याच्या मावशीनं मात्र फोन करून विचारलं होतं, अगं, तू मुलगा कधी झालीस?

ही बोली तिला आजोळी मिळाली होती. गारगोटीच्या पुढं सात-आठ किलोमीटरवर गुंडूमामा आणि बनामामी राहायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की अवंतिका तिकडं जायची ती शाळा उघडायच्या आदल्या दिवशी परत यायची. म्हशीच्या पाठीवर बसायला, विहिरीत उडी टाकायला आणि तोंड भरून बोलायला तिला मामानं शिकवलं. तिच्या आईला हे तिसरं शिक्षण फारसं पसंत नव्हतं, पण भावापुढं तिचं काही चालायचं नाही.

गुंडूमामाचा हवामान खात्यावर काडीइतका विश्वास नव्हता. त्यांनी पाऊस सांगितला की बिनघोर वाळवण घालावं, असं तो चारचौघांत सांगायचा. पण भाची टीव्हीवर दिसू लागली आणि गडी साफ फिरला. रोज सातला तो टीव्हीचं तोंड दाराकडं करायचा, म्हणजे अंगणात बसलेल्यांनाही दिसावं. हवामान चालू असताना कुणी खोकलं तरी त्याच्याकडं वळून बघायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीच्या रांगेत तेच सगळं पुन्हा एकदा सांगायचा, भाचीच्या हातवाऱ्यांसकट. कुणी शंका काढली की भांडण ठरलेलं. बाळासो म्हणून शेजारच्या शेतातला एकजण होता. तो म्हणाला, पोरगी लिहून दिलेलं वाचत असंल. त्यावरून मामानं त्याच्याशी महिनाभर अबोला धरला.

आणि पोरगी नुसतं वाचत नव्हती, हेही खरं. दुपारी हवामान खात्याचा कागद आला की ती उपग्रहाची चित्रं बघायची, गगनबावड्याच्या एसटी कंट्रोलरला फोन लावायची, नेसरीच्या एका किराणा दुकानदाराला विचारायची, ओ पावणं, ढग कुठल्या अंगाला हाय? मगच ती पडद्यापुढं उभी राहायची. म्हणून तिचं बरंचसं खरं व्हायचं. लोकांनाही ते कळत होतं. लग्नाचा मांडव, गावजत्रा, काजूची वाळवणी, कशाचंही अवंतिकाला विचारल्याशिवाय पान हलत नसे.

आता त्या शब्दाचं सांगतो. चैत्र लागला की दुपारी अंगाची लाही होते आणि चारच्या सुमाराला वळीव येतो. अशा दिवसांत हवामान खात्याच्या कागदावर एक वाक्य हमखास असतं: तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि सोसाट्याच्या वाऱ्यासह पावसाची शक्यता. यातलं ‘तुरळक ठिकाणी’ लोकांच्या गळ्याखाली उतरेना. “म्याडम, तुरळक म्हंजे काय ओ?” असे फोन यायचे. अवंतिकाला अर्थ चांगला ठाऊक होता. तुरळक असतात त्या जागा. पाऊस तुरळक नसतो. जिथं पडेल तिथं तो झाडं मोडून पडेल, पण पडेल मोजक्याच ठिकाणी, आणि ती ठिकाणं कुठली हे कुणालाच सांगता येत नाही. सुरुवातीला तिनं हे दोन-तीनदा समजावून सांगितलंही. पण तीन मिनिटांच्या कार्यक्रमात एक मिनिट एका शब्दालाच जायला लागलं. मग एके दिवशी बोलण्याच्या ओघात तिच्या तोंडून ‘किरकोळ’ निघून गेलं. “उद्याच्याला किरकोळ वळीव हाय.” तुरळक आणि किरकोळ, दोन्ही ‘थोडं’च सांगतात, कानाला भाऊ-भाऊ वाटतात. फोन यायचे थांबले. उदयसिंहांनी पाठ थोपटली. अवंतिकालाही बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. अवघड शब्द सोपा केला याचा मास्तरांच्या पोरीला अभिमानच वाटला. पुढचे आठ-दहा दिवस ती तेच म्हणत राहिली, आणि नेमका त्या आठ-दहा दिवसांत वळीव खरोखरच किरकोळ पडला. चूक पहिल्याच दिवशी उघडी पडली तर माणूस वाचतो. हिची चूक मुरत गेली.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी तिनं सांगितलं, “उद्या गारगोटी, राधानगरी ह्या बाजूला किरकोळ वळीव हाय. इजा चमकतील, पर घाबरायचं काम न्हाय.”

मंगळवारी दुपारी कोल्हापुरातच आभाळ असं उतरलं की चार वाजता दुकानांतले दिवे लागले. धुळीचे लोट उठले, शाहूपुरीत एका रिक्षावर गुलमोहराची फांदी पडली. अवंतिकानं गारगोटीच्या बाजूला दोन फोन लावून बघितले, एकही लागला नाही. तारा तुटल्या असतील, असं म्हणून ती सातला तयार होऊन उभी राहिली. त्या दिवशी सांगायला भरपूर होतं. ती हात फिरवून नकाशा दाखवत होती, आणि तिच्या कमरेखालून टीव्हीच्या पडद्यावर एक पट्टी सरकत होती: भुदरगड तालुक्यात वीज पडून एका शेतकऱ्याचा मृत्यू. पट्टी आतल्या खोलीतून सोडतात, हिरव्या पडद्यापुढच्या माणसाला ती दिसत नाही. कॅमेऱ्यामागच्या जोतीरामला बाजूच्या टीव्हीवर दिसली. त्याला नाव ठाऊक नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर त्यानंच तिला सांगितलं, तुमच्या आजोळच्या बाजूला कुणीतरी गेलं वाटतं. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. आई नुसती रडत होती. फोन वडिलांनी घेतला आणि गुंडूमामाचं नाव त्यांनी सांगितलं.

मामा माळावर म्हशी घेऊन गेला होता. माळावर एकच आंब्याचं झाड. त्याखालीच वीज पडली. दोन म्हशीही गेल्या.

रक्षाविसर्जनाला अवंतिका गेली. गाव तिला सांभाळून घेत होतं. बायका तिला जवळ ओढत होत्या, मामाचा तुझ्यावर किती जीव, असं म्हणत होत्या, आणि तो प्रत्येक शब्द तिला चाबकासारखा लागत होता. मामानं सोमवारचा कार्यक्रम बघितला असेल का, हा एकच प्रश्न तिला खात होता. न बघण्याचा प्रश्नच नव्हता, तरीही ती तिथंच जाऊन अडकायची. लाइट गेली असेल. पाहुणे आले असतील. माणूस लवकर झोपला असेल. कोल्हापुरात परत येऊन तिनं उदयसिंहांना सांगितलं की आता मी येणार नाही. ते म्हणाले, बाराव्याचं कार्य होऊ दे, मग बोलू. का, ते तिनं घरातही कुणाला सांगितलं नाही. तिनं मनाशी ठरवलं होतं की बाराव्याच्या दिवशी मामीपुढं सगळं सांगायचं. मामी शिव्या देईल, कदाचित हात उगारेल. देऊ दे, उगारू दे. त्याशिवाय आपल्याला पुढं जगता यायचं नाही, असं तिला अगदी आतून वाटत होतं.

बाराव्याच्या जेवणावळी उठल्या. पाहुणे तीनच्या एसटीनं गेले. मामी घरामागच्या परड्यात धुण्याच्या दगडावर बसली होती. कपाळ मोकळं, डोळे कोरडे. अवंतिका तिच्यापुढं जमिनीवर बसली आणि तोंड उघडणार, तोच मामी म्हणाली, तुला एक सांगायचं राहून गेलंय.

मग ती सांगू लागली. हे तिला बाळासोनं सांगितलं होतं. मंगळवारी दुपारी आभाळ भरून आलं तशी माळावरची सगळी माणसं देवळाकडं पळाली. बाळासो पळता पळता आंब्याखाली थांबला आणि मामाला म्हणाला, तात्या, चला, लक्षण बरं दिसत न्हाय.

“तर तुझं मामा हसलं बघ,” मामी म्हणाली. “म्हणालं, तू जा रं. आमच्या पोरीनं टीव्हीवर सांगितलंय, किरकोळ हाय. दोन थेंबांसाठनं म्हसरं कशाला हलवायची?” मामीनं पदरानं तोंड पुसलं. “शेवटपतूर तुझंच नाव हुतं बाय त्येंच्या तोंडात. तुला कुणीतरी सांगाया पायजे हुतं म्हणून सांगितलं.”

ती हे भाचीचं दुःख हलकं व्हावं म्हणून सांगत होती. तिच्याकडं द्यायला एवढंच उरलं होतं, आणि ते तिनं जपून ठेवून दिलं होतं.

अवंतिकाला वाटलं, आत्ता गप्प बसावं. इथून उठावं, कोल्हापूर गाठावं, पुन्हा या वाटेला येऊ नये. पण ती उठली नाही.

“मामी, कागदावर किरकोळ नव्हतं,” ती म्हणाली. “कागदावर तुरळक होतं. किरकोळ माझ्या मनानं म्हटलं. मला अर्थ ठाऊक होता.”

मामीला चटकन उमगलं नाही. “मग तुरळक म्हंजे काय?”

अवंतिकानं सांगितलं. तोच अर्थ तिनं दोन-तीनदा टीव्हीवर सांगितला होता आणि मग वेळ नाही म्हणून सोडून दिला होता. आता तिच्याकडं वेळच वेळ होता. थोड्याच जागी पडणार, पण पडंल तिथं जोरात पडणार.

“म्हंजे थोड्या जागा,” मामी म्हणाली. “आन् त्यात आमचा माळ.”

“व्हय.”

गोठ्यात उरलेली एक म्हैस दावणीला अंग घासत होती. अवंतिका वाट बघत होती. ती मनातून जवळजवळ भीकच मागत होती की मामीनं आता तोंड सोडावं.

“ह्ये आनि कुणाला बोललीस?” मामीनं विचारलं.

“नाही.”

“तुझ्या आईला?”

“नाही.”

“मग बोलू बी नगंस.” मामीचा आवाज चढला नव्हता. “उभ्या गावासंगं भांडलं त्यो माणूस, आमची पोरगी सांगत्या ती खरं सांगत्या म्हणून. आता त्येला मेल्यावर खोटं पाडू नगंस. आन् ती नोकरी बी सोडायची न्हाय. सोडलीस तर लोक इचारतील, का सोडली.”

“मामी, मला जमणार नाही.”

“न जमून कसं चालंल? मला जमतंय न्हवं?”

आणि तेव्हा कुठं मामी रडली. अवंतिकाच्या खांद्यावर डोकं टेकून, आवाज न करता. अवंतिकानं तिला धरून ठेवलं. ती शिक्षा मागायला आली होती आणि मामीनं तिला गप्प राहायचं काम नेमून दिलं होतं. आता कुणाकडं माफी मागायलाही तिला तोंड राहिलं नाही. जी एकच बाई माफ करू शकत होती, तिनं तिला माफही केलं नव्हतं आणि सोडलंही नव्हतं.

पाचच्या सुमाराला ती निघाली. मामी तिला सोडायला रस्त्यापर्यंत आली. तिथं बाळासो उभा होता, खांद्यावर टॉवेल, पायात चिखल वाळलेल्या चपला. ज्यानं एकदा शंका काढली तोच हा. तो अदबीनं दोन पावलं पुढं आला.

“म्याडम, उद्याच्याला कसं हाय? काजू वाळत घालायची हाय. तात्या हुतं तवर त्येच सांगायचं.”

अवंतिकानं मामीकडं बघितलं. मामी तिच्याकडं बघत नव्हती, पण हलतही नव्हती. दुपारी ऑफिसातून आलेला हवामान खात्याचा कागद अवंतिकाच्या फोनमध्ये होता आणि तिनं तो सवयीनं वाचलाही होता.

“उद्या कोरडं हाय,” ती म्हणाली. “घाला.”

“बरं,” म्हणाला बाळासो, आणि एकदाही मान वर करून आभाळाकडं न बघता घराकडं वळला.