वारा येणारं खोकं

रास्तकोच्या आईला नवऱ्याचं वाजवणं ऐकायचं होतं, बाकी काही नको होतं. तिचा नवरा मिलुतिन सोंबोर गावच्या एका तंबुरा ताफ्यात बेर्दे वाजवायचे. माणसाहून उंच तंतुवाद्य, सगळा खर्ज त्याच्यावर. पुतणीच्या लग्नाची चित्रफीत तेवढी उरली होती, पण टीव्हीच्या चिमुकल्या स्पीकरांतून खर्ज ऐकूच यायचा नाही. हात मिलुतिनचा हलायचा, आवाज बाकीच्यांचा यायचा. ते गेल्यापासून आई हे मुकं वाजवणं बघत बसायची.

म्हणून रास्तकोने रिसीव्हर आणला, पुढे ठेवायला दोन छोटे स्पीकर आणले, खर्जासाठी सबवूफरचं खोकं आणलं. आधी सबवूफर ढिम्म. तारा काढून झाल्या, घालून झाल्या. मग कळलं, पुढचे स्पीकर मोठे आहेत असं रिसीव्हरने आपलं आपणच ठरवलं होतं आणि खर्ज त्यांनाच पाठवत होता. सेटिंगमध्ये 'लहान' केल्यावर सबवूफर असा घुमायला लागला की विचारू नका. सगळे सूर एकच, घुम्म घुम्म. खालच्या झागोर्काबाई हीटिंगच्या पाइपवर कालथा आपटू लागल्या.

"हे ते नव्हेत रे," आई म्हणाली. "ते काय गाद्या झोडत होते होय?"

त्याने खोकं कोपऱ्यातून काढून सोफ्याजवळ सरकवलं. आवाज उतरवला. फरक पडला, पण नावापुरता. शेवटी हात टेकून तो बाल्कनीत सिगारेट ओढायला गेला. उद्या हे धूड परत करायचं, असं त्याने ठरवूनही टाकलं.

आत आला तो दारातच थबकला. बेर्दे वाजत होतं. एकेक सूर सुटा, स्वच्छ.

"काय केलंस आई?"

"मी कशाला हात लावतेय तुझ्या यंत्राला? त्या खोक्याच्या भोकातून वारा येत होता, थेट माझ्या गुडघ्यांवर. प्रोमाया लागली असती म्हणजे? बोळा कोंबला."

प्रोमाया म्हणजे घरातला वाऱ्याचा झोत. तो लागला की माणूस आजारी पडणारच, यात आमच्याकडे कुणाला शंका नसते. एकटा रास्तको जन्मभर त्यावरून आईची टर उडवत आला होता. त्याने वाकून पाहिलं. भोकात बाबांचा लोकरीचा मोजा होता, घुमणारी हवा अडवून बसलेला.

पडद्यावर निळ्या झग्यातली आई केक घेऊन आत आली. तेवढ्यात बेर्देचा एक सूर घसरला आणि लगेच सावरला.

सोफ्यावरची आई पुढे झुकली.

"त्या रात्री म्हणाले होते, तू आलीस आणि मी चुकलो," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, उगाच गोड बोलतायत. इतकी वर्षं तसंच वाटायचं रे."

तिने त्याचा हात घट्ट धरला. "तुझे फार उपकार झाले, बाळा."

"माझे कसले? मोज्याचे मान."

"बरं, मोज्याचे. आता मागे घे. केक येतो तिथे."