एक हॉर्न म्हणजे हो

बाबांची पिकअप गॅरेजच्या मधोमध लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती. तीन चाकं काढून भिंतीला टेकवली होती आणि चौथं नव्या, लांब आर्मच्या टोकाला बसवून त्यांचा मुलगा फूटपट्टी ते जॅकने सावकाश वर-खाली करत होता. स्प्रिंग त्याने मुद्दामच घातली नव्हती. स्प्रिंग असली की चाक आपल्या मर्जीने उसळतं. नसली की ते कुठे कुठे जाऊ शकतं ते शांतपणे बघता येतं. मडगार्डला कुठे घासतं, ब्रेकचा पाइप कुठे ताणला जातो, सगळं.

फूटपट्टी हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं. लहानपणी झोपलेल्या मांजराची शेपटी मोजायला गेला आणि दोन्ही हातांवर ओरखडे घेऊन परतला, तेव्हापासून घरीदारी तेच चिकटलं. पुढे इंजिनीअर झाला, कच्च्या रस्त्यांच्या गाड्या सुधारायचं गॅरेज काढलं, तरी नाव काही उतरलं नाही.

"आता हे चाक जमिनीवरून गुडघ्याएवढं वर जाईल आणि तेवढंच खड्ड्यात उतरेल," तो वेल्डरला म्हणाला. "पण वरच्या बॉडीला पत्ता लागणार नाही. बाबांच्या पोटातलं पाणी हलणार नाही."

वेल्डर त्याचा भागीदार. त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "बाबांचं पाणी हलत होतं कधी? चाळीस वर्षं त्याच दगडांवरून जातायत."

"त्यांचं नाही. आईचं."

बाबा मधमाश्या पाळायचे. फुलांचा हंगाम बदलला की पेट्या पिकअपमध्ये भरून वरच्या माळावर न्यायच्या, आणि माळावर जायला एकच वाट: सगळी दगडांची. गाडी जोरात आदळली की पेटीतली मऊ पोळी तुटतात, मध सांडतो, माश्या त्यातच बुडून मरतात. म्हणून लग्न झाल्यापासून आई गाडीच्या पुढे चालायची. वाटेतले दगड पायाने बाजूला सारायची आणि मागे न बघता हाताने चाकांची वाट दाखवायची. डावीकडे, अजून थोडं, थांबा. बाबा तिच्या मागून माणसाच्या चालीने गाडी आणायचे. गेल्या हंगामात तिचा पाय घसरला आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. त्या दिवशी फूटपट्टीने ठरवलं की हे बास. आई पुढे चालते ती गाडीत काहीतरी कमी आहे म्हणून. आणि गाडीतली कमतरता काढणं हा तर आपला धंदाच.

बाबांनी किल्ली लगेच दिली होती. "मागचे पाटे पण काढणार?" एवढंच विचारलं.

"काढणार. त्यांच्या जागी मोठ्या स्प्रिंगा."

आई तेव्हा दारात उभी होती. "मग पुढे कोण चालणार?" ती म्हणाली.

"कुणालाच चालायला नको. त्याचसाठी तर करतोय सगळं."

"बरं," आई म्हणाली. फूटपट्टीने ते होकार म्हणून घेतलं.

मागचं काम निघालं तेव्हा वेल्डर चेसीसखाली आडवा झाला. मागचा भार झेलणारे जुने पाटे, म्हणजे एकावर एक बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, ज्यांत अडकायचे ते जाड लोखंडी कान अजून तिथे होते.

"हे राहू देऊ," तो खालूनच म्हणाला. "मागच्या चाकांची नवी दांडी थोडी वाकवली की यांच्या बाजूने जाईल. उद्या वाटलंच तर पाटे परत चढवता येतील."

"परत कशाला चढवायचे? वाकवलेली दांडी म्हणजे हिशेब बिघडला. काप."

"कापलेलं जोडता येतं, पण पूर्वीसारखं नाही, बरं का."

"अरे, तू वेल्डर की भविष्यवाला?"

वेल्डर हसला आणि त्याने कान कापले. मग फूटपट्टीने स्वतः ग्राइंडर घेऊन ती जागा इतकी सपाट घासली की तिथे कधी काही होतं हे हाताला कळू नये. त्या कामाचा त्याला अभिमान वाटला. जरा जास्तच घासलं गेलं, हेही तेव्हाच कळलं होतं. पण तिथे आता कसला भार येणार होता?

पहिल्या फेरीला आई, बाबा आणि तो असे तिघंही निघाले. गाडी आता उंच आणि रुंद झाली होती. आईला चढायला स्टूल लागलं.

"हा उंट केलास की रे," ती म्हणाली.

"उंट हलतो, आई. ही हलणार नाही. बघच."

मागे पेट्यांच्या मध्ये त्याने पाण्याचं पातेलं ठेवलं होतं, काठाखाली दोन बोटं भरलेलं. वाटेला लागल्यावर तो सारखा वळून काचेतून तिकडे बघत होता. चाकं दगडांवर चढत होती, उतरत होती, एक वर तर दुसरं खाली, आणि पाणी नुसतं थरथरत होतं. अवघड वळणाजवळ, जिथे आई नेहमी सगळ्यांत जास्त वेळ घ्यायची, तिथे तिचा हात आपोआप वर गेला. मग तोच हात तिने केसांवरून फिरवला. बाबांचा अंगठा हॉर्नच्या बटणावर टेकला आणि परत स्टिअरिंगवर आला. पूर्ण वाटेत कुणी काही बोललं नाही. फूटपट्टीला वाटलं, गाडीचं कौतुक करायला शब्द सापडत नाहीयेत.

माळावर पेट्या उघडल्या. एकही पोळं तुटलं नव्हतं.

"उत्तम झाली गाडी," बाबा म्हणाले, आणि ते खरंच होतं.

पुढच्या खेपेला आई गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पाय दुखतोय का, असं फूटपट्टीने फोनवर विचारलं तर नाही म्हणाली. शेवटी तो एका सकाळी घरीच गेला. गाडी दारात नव्हती. आई अंगणात बसून पेट्यांतल्या रिकाम्या चौकटींवरचं जुनं मेण खरवडत होती.

"तू का नाही गेलीस?"

"मी जाऊन काय करू? पेट्या ते उतरवतात. माझं काम वाटेवरचं."

"गाडीत बस, गप्पा मार. इतकी वर्षं पायी चाललीस, आता आरामात जा."

आईने खरवडणं थांबवलं. "तुला तो हॉर्न आठवतो? तू लहान असताना मागे पेट्या धरून बसायचास."

"बाबा वाजवायचे तो? तू मध्ये आलीस की."

"मी मध्येच असायची रे. मध्ये येईन कशी?" ती हसली. "ते उत्तर असायचं. मी पुढे चालता चालता बोलायची. एक हॉर्न म्हणजे हो. दोन म्हणजे काहीतरीच काय बोलतेस. लांबलचक दिला की समजायचं, राग आलाय, विषय बदल. तुला शिकायला बाहेर पाठवायचं ते त्याच वाटेवर ठरलं. मी विचारलं, पाठवायचं ना? किती वेळ काहीच नाही. वळण संपलं तेव्हा एक वाजला."

फूटपट्टी पायरीवर बसला. "मग आता शेजारी बसून बोला की. आता तर हॉर्नची पण गरज नाही."

"शेजारी बसलं की तोंड दिसतं. तोंडाकडे बघून तुझे बाबा कधी बोललेत? घरी त्यांचं बोलणं म्हणजे मीठ दे आणि दार लाव. आणि खरं सांगू? मलाही तोंडाकडे बघून सगळं बोलता येत नाही."

"मग तू चाल ना पुढे. पूर्वीसारखी. बाबा हळू चालवतील."

"गरज नसताना? मी दगड सारणार आणि मागून येणारी गाडी तो दगड न सारताही गेली असती, हे त्यांना माहीत, मला माहीत. ते नाटक होईल." तिने पुढची चौकट घेतली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तू चांगलंच केलंस. पाय घसरला होताच की माझा."

तिने चिडून काही म्हटलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. मग पुढे कोण चालणार, असं तिने विचारलं होतं, आणि त्याने त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं. त्याच्या मागे दुसरा प्रश्न असेल हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

गॅरेजच्या कोपऱ्यात जुने पाटे अजून पडून होते. त्याने ते ओढून बाहेर काढले, ब्रशने गंज झाडला. वेल्डर हात पुसत आला, पाट्यांकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"नाही होणार," तो हळू म्हणाला. या वेळी त्याने थट्टा केली नाही. "कान नवे लावू, पण लावायचे कशाला? तिथला पत्रा तू घासून कागद केलायस. पेट्यांचं वजन पडलं की चेसीसच फाटेल."

"माहीत आहे."

"मग कशाला काढलेस?"

फूटपट्टी खाली वाकला. पाटे परत कोपऱ्यात ढकलायला त्याला दोनदा जोर लावावा लागला.

हंगामाच्या शेवटच्या फेरीला तो बाबांबरोबर गेला. उजाडलं होतं, मागे पेट्यांची तोंडं बंद होती आणि आतून बारीक गुणगुण येत होती. वाट सुरू झाली तशी बाबांनी गाडी एकदम हळू केली, माणसाच्या चालीवर.

"जोरात गेलात तरी चालेल, बाबा. काही होत नाही."

"हो, ते कळलंय मला," बाबा म्हणाले. वेग तोच राहिला. त्यांची नजर गाडीच्या थोडी पुढे, रिकाम्या वाटेवर होती.

अवघड वळण आलं तेव्हा फूटपट्टी म्हणाला, "जरा थांबा." तो उतरला आणि गाडीच्या पुढे चालू लागला. एक दगड पायाने बाजूला केला. हात वर करून डावीकडे दाखवलं. मागून इंजिनाचा आवाज त्याच्या पावलांबरोबर येत होता. आता काहीतरी बोलायला हवं होतं. आई इतकी वर्षं काय काय बोलली असेल, त्याला एक वाक्य सुचेना. शेवटी मागे न बघता त्याने मोठ्याने विचारलं, "यंदा मध कसा आहे, बाबा?"

त्याने हॉर्नची वाट पाहिली.

बाबांनी गाडी थांबवली. खिडकीची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि पाहुण्याला सांगावं तसं नीट, तोंडाने उत्तर दिलं.

"बरा आहे. चल, बस आत. पायाला लागेल."