काळी वाळू आणि आजीची डावी चप्पल

मी चप्पल बोलून राह्यली. हो हो, चप्पलच! डाव्या पायाची. उजवी पण आहे बाजूला, पण ती मुळातच कमी बोलते, म्हणून सगळं मलाच सांगावं लागतं.

मी यवतमाळची. बाजारातल्या एका दुकानात होते. शुगर असणाऱ्यांसाठी बनवलेली, आत मऊ गादी, मागे पट्टा. दिसायला ठोकळा, मान्य! शेजारच्या हिलवाल्या सँडली फिदीफिदी हसायच्या. पण एक दिवस दिग्रसच्या समीक्षाताईंनी मला उचललं आणि सासूबाईंच्या, म्हणजे मथुराबाईंच्या, पायात घातलं.

या मथुराबाईंच्या तळपायाला काही कळतच नाही. शुगरनं सगळी जाणीव गेली. एकदा काटा रुतला, पत्ताच नाही लागला, आणि शेवटी डाव्या पायाची करंगळी कापावी लागली. डॉक्टरांनी बजावलं, "आता जखम झाली तर पाऊल जाईल. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही."

घरातसुद्धा! इथंच तर रोजचं भांडण.

"चप्पल घालून देवासमोर? मी मेली तरी नाही."

"आई, देव काही म्हणत नाही."

"तुले येऊन सांगून गेला काय तो?"

मग काय, मी दारात. तिथून त्या उघड्या पायांकडे बघत बसायचं.

यंदा मुलानं, कपिलभाऊंनी, सगळ्यांना बालीला नेलं. विमानात बसले मी, विमानात! ज्वालामुखीचं बेट ते. आम्ही गेलो त्या किनाऱ्याची वाळू काळीकुट्ट. माणूस नाही, दुकान नाही, नुसता लाटांचा आवाज.

"अवो, हे तं आपलं वावरच! तशीच काळी माती!" मथुराबाई खूश. आणि झाडाखाली थांबल्या. "समुद्र म्हंजे देव. चपला इथंच काढा सगळ्यायनं."

समीक्षाताईंनी वाळूला हात लावून पाहिला. सकाळची वेळ, वाळू गार. एवढ्या लांब येऊन भांडण नको, म्हणून त्या गप्प बसल्या. पहिल्यांदाच!

मग आम्ही सगळ्या चपला झाडाखाली, खाण्याच्या पिशवीजवळ. ते चौघं पाण्याकाठी. मथुराबाईंनी लाटेला हळदीकुंकू वाहिलं. नात खुशी ओल्या वाळूत किल्ला करत होती. कपिलभाऊंचे फोटो, फोटो, फोटो. ऊन चढत गेलं.

मग एक कुत्रं आलं. झाडाखालून पाण्याकडे निघालं, अर्ध्यात पोचलं, एक पाय उचलला, दुसरा उचलला आणि कुईं करत उलटं पळालं.

काळी वाळू तापली होती! सपाटून तापली होती! आणि कोणाचंच लक्ष नाही.

तेवढ्यात मथुराबाई उठल्या. "पोरीले भूक लागली असन. चिवडा आणते."

आणि निघाल्या. शांतपणे. वावरात चालल्यासारख्या, एकेक पाऊल पूर्ण टेकवत. मी ओरडले हो, "येऊ नका!" पण चपलेचं कोण ऐकतं?

"आजी, मी पण!" खुशी मागं धावली. कोरड्या वाळूवर पाय पडला आणि किंचाळली, "आई गं! पोळलं!"

समीक्षाताईंनी वळून पाहिलं. "आई, थांबा!"

आणि मथुराबाई थांबल्या. तिथंच. भर वाळूत! जन्मात सुनेचं ऐकलं नाही, ते नेमकं आता ऐकलं.

समीक्षाताई धावत सुटल्या. ओली ओढणी वाळूवर टाकली, "यावर उभ्या राहा!" म्हणाल्या आणि तशाच अनवाणी माझ्याकडे पळत आल्या. त्यांच्या स्वतःच्या चपला माझ्या शेजारीच होत्या. त्या दिसल्याच नाहीत त्यांना. मला आणि उजवीला छातीशी धरलं आणि परत त्याच वाळूतून पळत गेल्या.

"कायले बोंबलून राह्यली एवढी? मले तं काहीच लागलं नाही."

"म्हणूनच तं आई!" ताईंना हुंदका फुटला. "म्हणूनच तं!"

डाव्या टाचेवर एक फोड होता. समीक्षाताईंच्या पायांचे दोन्ही तळवे मात्र पोळून निघालेले. मथुराबाई ते तळवे किती वेळ बघत होत्या.

पुढचे दिवस कसे गेले, विचारू नका. रोज पट्टी उघडली की सगळे वाकून वाकून बघायचे. पाऊल राहतं का जातं? फोड शेवटी भरला. पाऊल राहिलं.

आणि आता? घरी आल्यावर मथुराबाईंनी मला नळाखाली घासून घासून धुतलं, उन्हात वाळवलं आणि पायात घातलं. सैपाकघरातून चालत चालत देवघरासमोर आल्या. तिथं त्यांचा पाय अडखळला.

त्यांनी हात जोडले. "देवा, हिनं माह्यासाठी पाय पोळून घेतले. तुले एवढं चालवून घ्याच लागीन."

मी तिथंच आहे सध्या, देवघरासमोर, त्यांच्या पायात. तुमच्याही घरी असा मुका पाय असेल ना, तर माझ्यासारखीला दारात ठेवू नका. आम्हाला आत घ्या.