वाटूरच्या महाराजांचा सरकलेला रकाना

वाटूर फाट्यावर त्या गुरुवारी एस.टी. थांबायलाही जागा नव्हती. पत्र्याच्या मांडवाखाली अंतर्नाथ महाराज बसले होते. डोक्यावर भलामोठा भगवा फेटा, डोळे मिटलेले, समोर माईक. सगळीकडे एकच चर्चा होती: महाराज नाव पुकारतात आणि न विचारता तुमचं दुखणं सांगतात.

आधी फक्त एक करायचं. फाट्यावर महाराजांचा शिष्य काकासाहेब इंटरनेटचं दुकान चालवी. तिथं ऑनलाइन अर्ज भरायचा. नाव आणि तक्रार. बस्स.

"अर्ज थेट वर जातो," काकासाहेब आभाळाकडं बोट दाखवी. "मुख्य सर्व्हर वरच हाये. महाराजांपाशी तर कंप्युटरबी न्हाई, बघा."

लोक बघत. खरंच नव्हता.

बद्रीनाथचा महाराजांवर फार विश्वास. त्याला साखरेचा आजार. गेल्या खेपेला महाराजांनी आजार बरोबर ओळखला आणि गोळ्या बंद करून अंगारा घ्यायला सांगितलं. आता पायाची जखम चिघळली होती. त्याच्या बायकोनं, उषाबाईनं, घाबरून नणंदेला बोलावून घेतलं. ही नणंद म्हणजे प्रभावती, जुन्या जालन्यातल्या एका शाळेत कंप्युटर शिकवायची.

"दादा, पाय काळा पडून राह्यला," प्रभावती म्हणाली. "आत्ता डॉक्टरकडं चल."

"आज माझा नंबर हाये. महाराज काय म्हणतेत ते ऐकू, मंग बघू."

म्हणून तीही मांडवात येऊन बसली.

महाराजांनी पहिलं नाव पुकारलं. "गिरधारीलाल."

जालन्याचे कापडाचे व्यापारी गिरधारीलाल सेठ पोट सावरत उठले.

"बेटा, तू दोन दिवसांपासून रवंथ करत नाहीस. चारा पुढं टाकला तरी तोंड फिरवतोस."

सेठनी पोट चाचपून पाहिलं. "भूक तो कम लागते, महाराज," ते म्हणाले.

"मागल्या जन्मीचं असंल," मागून कुणीतरी समजूत घातली. लोकांनी माना डोलावल्या.

"पुंजाराम."

विशीतला एक सडपातळ पोरगा उभा राहिला.

"तुझी सासू तुला माहेरी जाऊ देत नाही. पंचमीलासुद्धा पाठवलं नाही."

"माझं लग्नच न्हाई झालं," पुंजाराम म्हणाला.

"बद्रीनाथ. तुला पाचवा महिना लागलाय. जड उचलू नकोस. सगळं सुखरूप होईल."

बद्रीनाथनं मिशीवरून हात फिरवला आणि बहिणीकडं पाहिलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती.

सत्तरीच्या सगुणाबाईला महाराजांनी धीर दिला, "दाढी-मिशी उशिरा फुटते, माय. फुटली की स्थळं येतील." तेव्हा मात्र मांडव खदखदून हसला. महाराजांचे डोळे उघडले. ते फेट्यात कुजबुजले, पण समोरचा माईक चालूच होता.

"काकासाहेब, हे काय वाचून राह्यला तू?"

कर्ण्यातून ते सगळ्या फाट्यानं ऐकलं.

प्रभावती उठून उभी राहिली. "रवंथ न करणारं जनावर कुणाचं हाये?"

"माझा बैल हाये की," सगुणाबाई म्हणाली. "मीच लिहून घेतल्तं."

"आन् दाढी?"

पुंजारामनं लाजत हात वर केला.

"सासूची तक्रार कुणाची?"

सोनूबाई नावाची एक सून खाली मान घालून चटईची काडी मोडत बसली होती. शेजारी तिची सासू तिच्याकडं रोखून बघत होती.

"राहू द्या, ती नका सांगू," प्रभावती म्हणाली. "तक्रारी समद्या खऱ्या हायेत. फक्त मालक बदललेत. चला माझ्यासंगं."

सगळी गर्दी दुकानात शिरली. काकासाहेब एका हातात मोबाइल धरून कंप्युटरवरच्या तक्त्यासमोर घामाघूम बसला होता.

"मी काय बी केलं न्हाई," तो म्हणाला. "नावं सापडना झाल्ती, म्हणून अ-आ-इ-ई नं लावली."

"फक्त नावांचाच रकाना निवडला ना? नावं खालीवर सरकली अन् तक्रारी जागच्या जागी राहिल्या." प्रभावतीनं एक कळ दाबली. नावं पुन्हा आपापल्या जागी गेली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. सगुणाबाई, बैल. पुंजाराम, दाढी.

"तुम्ही अर्ज भरता, तो वर न्हाई, इथं येऊन पडतो. हा फोनवर वाचतो, महाराजांच्या फेट्यातल्या यंत्रात ऐकू येतं. तुम्ही सांगितलेलं तेच तुम्हाला सांगतेत."

पुंजारामनं मांडवात पळत जाऊन फेटा ओढला. आतून काळी वायर लोंबली. महाराजांनी मग कुणालाही आशीर्वाद दिला नाही. मागच्या बाजूनं जीप गाठली, फेटा मात्र पुंजारामच्या हातातच राहिला.

बद्रीनाथ अजून तक्त्याकडं बघत होता. "प्रभे, गोळ्या बंद करायचं यात कुठं लिवलंय?"

"कुठंच न्हाई, दादा. दुखणं तू लिहिलंस. इलाज त्यानं मनानंच ठोकून दिला."

तो बहिणीच्या खांद्यावर हात टेकून बाहेर आला आणि तसाच जालन्याच्या एस.टी.त बसला. डॉक्टर रागावले, पण पाय वाचला. एक बोट तेवढं काढावं लागलं.

मंडळी, आपलं दुखणं दुसऱ्यानं ओळखलं की आपण हात जोडतो. हात जोडण्याआधी विचारावं, याला कळलं कसं? आणि ओळखलं म्हणून त्याला बरंही करता येतं, हे कुणी ठरवलं? उत्तर मिळेपर्यंत गोळ्या चालू ठेवाव्यात.