पुलानंतरचं गाव

"उतर, उतर! सुटेल गाडी!" म्हणत ताईने आधी पिशवी फलाटावर टाकली, मग छत्री, आणि मग धाकट्याला.

धाकटा म्हणजे साठी उलटलेला, टक्कल पडलेला, चष्म्याच्या दुकानाचा मालक. पण ताई असेपर्यंत त्याला बढती मिळण्याची शक्यता नव्हती. ताई दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली होती. पेशंट सुटले, भाऊ सापडला होता.

घोळ झाला तो पुलावरून. गाव एका पुलानंतर येतं की दोन, यावर दोघांची अशी काही जुंपली की मधलं एक स्टेशन आलं आणि गेलं, दोघांना पत्ताच लागला नाही. दुसऱ्या पुलानंतर गाडी थांबली तशी "बघ, दोन!" म्हणून ताईने विजयाच्या भरात डबा सोडला. आयुष्यभर गिऱ्हाइकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणाऱ्या माणसाने स्टेशनची पाटी तेवढी वाचली नाही.

पुढच्या आठवड्यात ताई लेकीकडे जाणार होती. समुद्रापलीकडे, कायमची. त्याआधी तिला एकदा लहानपणचं घर बघायचं होतं. आई गेली तेव्हा धाकटा रांगत होता. आईचं जे काही त्याच्याकडे होतं, ते सगळं ताईच्या तोंडून आलेलं. ताई गेली की तेही बंद.

गाव शहाण्या मुलासारखं गप्प होतं. जुन्या तटबंदीचा दरवाजा, त्याच्या सावलीत झोपलेला कुत्रा, उतरती फरसबंद गल्ली, बंद घड्याळाचा मनोरा.

"काही म्हणजे काही बदललं नाही," ताई म्हणाली.

"मनोरा होता आपल्याकडे?"

"तू रांगत होतास. मनोरा कुठून दिसणार तुला?"

धाकट्याने छत्री काखेत मारली आणि तिच्यामागे चालू लागला.

गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्याला हिरवा कठडा असलेलं घर आलं. ताईने कडी वाजवली. साबणाच्या हातांनी एका बाईने दार उघडलं.

"आम्ही इथे राहायचो," ताईने जाहीर केलं आणि आत शिरली.

"इथे? पण हे घर माझ्या सासऱ्यांनी बांधलंय."

"डागडुजी केली असेल. लोक त्यालाही बांधलं म्हणतात."

"अहो, पाया खणण्यापासून..."

"जिना डावीकडे होता. उजवीकडे का नेलात?"

बाईने एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा ताईकडे. जिना हलवल्याबद्दल माफी मागावी की काय, असा तिचा चेहरा झाला. "पाणी आणते," म्हणत ती स्वयंपाकघरात सटकली.

वर कठड्यापाशी ऊन आलं होतं. तिथे पोचल्यावर ताईचा आवाज एकदम खाली आला.

"बस इथे. भिंतीला टेकून. पाय पसर. आई अशी बसायची, केस वाळवत. तू मांडीवर. तू तिचे केस ओढायचास, आणि ती रागवायची सोडून मान आणखी खाली करायची. तुझा हात पोचावा म्हणून."

"हे कधी बोलली नव्हतीस."

"आत्ता आठवलं. इथे आल्यावर."

धाकटा पाय पसरून बसून राहिला. थोड्या वेळाने त्याने मान किंचित खाली केली. पाण्याचे पेले घेऊन आलेली बाई जिन्यातच थांबली, आणि आवाज न करता परत खाली गेली.

संध्याकाळी स्टेशनवर त्याने परतीची तिकिटं पुढे करून गाडीची चौकशी केली, तर खिडकीतल्या माणसाने ती उलटीपालटी केली.

"काका, ही तर मागच्या स्टेशनची. हे ते गाव नव्हे."

धाकट्याने पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. म्हणजे पूल एकच होता. जन्मात पहिल्यांदा तो ताईशी भांडण जिंकला होता, आणि सांगायची सोय नव्हती. ताई बाकावर पाय हलवत बसली होती, शाळेतल्या मुलीसारखी.

"काय म्हणतोय तो?"

"गाडी वेळेवर आहे म्हणतोय," तो म्हणाला, आणि गुपचूप नवी तिकिटं काढली.

परतताना जुन्या तिकिटांवरचं स्टेशन आलं तसा तो खिडकीशी उभा राहून उगीचच आळोखेपिळोखे देऊ लागला.

"सरक रे. पोट सुटलंय तुझं, आरपार दिसत नाही."

तो सरकला. बाहेर गावाच्या नावाची भलीमोठी पाटी होती. तिच्यामागे हॉटेलांचे दिवे, हॉर्न, एकाला एक चिकटलेल्या बस आणि जाहिरातीने झाकलेली अर्धी वेस. ताईने खिडकीचा गज धरला. अर्धवट उठली. गाडी उभी होती तोवर तशीच राहिली, मग सावकाश खाली बसली.

गाडी हलली.

"काय मेली गचडी," ती म्हणाली. "बरं झालं बाई, आपल्या गावाचं असं नाही झालं."

धाकट्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. काही थांग लागला नाही.

"आईला खळी पडायची," ती बाहेर बघतच म्हणाली. "डाव्या गालाला. सांगितलं होतं का मी तुला?"

हे त्याने शंभरदा ऐकलं होतं.

"नाही गं," तो म्हणाला, आणि सरकून तिच्या शेजारी बसला.