मच्छरदाणीवरचं पिल्लू

त्या किड्याला घरात कुणाकडे धड नाव नव्हतं. सासूबाई म्हणायच्या ‘ते ओलीतलं’, नवरा म्हणायचा ‘तुझे पाहुणे’. तिला मात्र त्याचं कूळ ठाऊक होतं. कॉलेजात असताना ती याच किड्यांवर भिंग धरून बसायची. राखाडी, चपटा, तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा. पाठीवर एकमेकींखाली सरकणाऱ्या पट्ट्या, सात जोड्या पाय, शेपटाशी दोन बारीक टोकं. दिसायला किडा, पण नातं खेकड्याशी. पाण्यातून जमिनीवर येऊन युगं लोटली, तरी श्वासाला ओल लागतेच. कोरड्या फरशीवर अडकला की वाळून जातो.

म्हणून पहिला किडा पाळण्याखाली सापडला, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. घरात कुठेतरी ओल होती. कुठे, ते जातीवरून कळलं असतं.

तिच्या माहितीतल्या दोन जाती अशा घरांत शिरणाऱ्या होत्या, आणि वरून बघितल्या तर जुळ्या बहिणी. एक मातीतली. तिच्या पोटाखाली अगदी मागच्या बाजूला पांढरे ठिपके असतात, तीच तिची फुप्फुसं. त्यांच्या जोरावर ती थोडा कोरडेपणा सोसते. दुसरीला ठिपके नाहीत. ती कुजक्या, भिजक्या लाकडाला सोडत नाही. मिशीच्या टोकाशीही फरक: मातीतलीला दोन पेरं, लाकडातलीला तीन.

त्या दिवशी तिने किडा उलटा करून भिंगाखाली धरला, तेव्हा बाळ कडेवर होतं आणि दुधासाठी रडून लालेलाल झालं होतं. मिशीला पेरं दोन. पोटाखाली पांढरं काहीतरी. झालं. “कुंड्यांतून येतायत,” तिने सांगून टाकलं.

नवऱ्याने गॅलरीतली एकूण एक कुंडी जिन्याखाली नेली आणि कंबर धरून बसला. “आता तरी शास्त्रज्ञबाईंना झोप लागेल ना?”

“तिला कसली लागते,” सासूबाई म्हणाल्या. “पोराचा श्वास चाललाय की नाही ते बघायला रात्रभर बोट धरून असते नाकाशी. आमच्या वेळी असले किडे बघायला सवड नव्हती बाई. पोरं जागेवर आहेत का, तेच मोजण्यात दिवस जायचा.”

ती हसली होती. पहिला किडा तिने औषधाच्या रिकाम्या बाटलीत, स्पिरिटमध्ये घालून कपाटावर ठेवून दिला. जुनी सवय.

कुंड्या गेल्या, किडे येतच राहिले. उशीच्या अभ्र्यावर एक, दाराच्या चौकटीपाशी वाळून कडक झालेले दोघे-तिघे. तिने विषय काढला की नवरा म्हणायचा, “आता काय, मोऱ्या फोडू?” त्यामुळे तिने विषय काढणं सोडलं आणि मुकाट्याने झाडू लागली.

आज दुपारी बाळ पाळण्यात झोपलं होतं. पाळण्यावरची छोटी मच्छरदाणी सारखी करताना तिला जाळीच्या वरच्या अंगाला तिळाएवढं पांढुरकं काही दिसलं. ते चाललं. तिने ते ओल्या कापसावर अलगद उचललं, खिडकीपाशी नेलं आणि भिंग लावलं.

पायांच्या जोड्या सहा.

तिने पुन्हा मोजल्या. सहाच. सातवी जोडी नंतर फुटते. म्हणजे हे नुकतंच आईच्या पिशवीतून बाहेर पडलेलं पिल्लू. या किड्यांची मादी अंडी कुठे टाकून जात नाही; छातीखाली पाण्याने भरलेली पिशवी असते, तिच्यात ती पिल्लं वागवते.

छातीखाली. तिचा हात थबकला.

कपाटावरची बाटली काढून तिने पहिला किडा बशीत ओतला. या वेळी कडेवर कुणी नव्हतं. उजव्या मिशीला पेरं दोन, पण टोक तुटलेलं. डाव्या मिशीला तीन. कॉलेजातल्या मॅडम कंठशोष करून सांगायच्या की दोन्ही मिशा बघितल्याशिवाय जात ठरवू नका. आणि ते पांढरं मागे नव्हतंच. पुढच्या पायांच्या मध्ये होतं, पातळ पडद्याआड, दाटीवाटीने. आईने पोटाशी धरलेली पोरं तिने फुप्फुसं समजून सोडून दिली होती.

लाकडातली जात. तीही इथेच वीण घालणारी. एवढंसं पिल्लू कोरड्यातून किती लांब येणार? आणि ते जाळीवर चढलं नव्हतं. पडलं होतं.

तिने मान वर केली. पाळण्याच्या बरोबर वर जाड तुळई होती, घर भाड्याने घेतलं तेव्हा मालकाने पांढरा ऑइलपेंट लावून चकचकीत करून दिलेली. तुळईत लोखंडी आकडा, आकड्यात साखळ्या, साखळ्यांना पाळणा. वरच्या बिऱ्हाडात कुणीतरी बादली उपडी केली. पाणी वाहत गेल्याचा आवाज ती रोजच ऐकत होती. आज तिला तो डोक्यावरून जाताना ऐकू आला.

तिने बाळाला दुपट्यासकट उचललं, शेजारच्या खोलीत नेलं आणि सासूबाईंच्या पलंगावर ठेवलं.

“अगं, आत्ता तर निजलं होतं,” सासूबाई पुटपुटल्या.

“राहू दे आई. तुमच्याजवळ घ्या जरा.”

ती परतली, तसा नवराही तिच्या पाठोपाठ पाळण्याच्या खोलीत आला. तिने त्याला बशी दाखवली, मिशी सांगितली, पिशवी सांगितली. तो ऐकून घेत होता, पण कपाळावर आठी होती.

“मागे कुंड्या म्हणालीस.”

“चुकले.”

“आणि आता छत म्हणतेस. उद्या?”

“तू फक्त तुळईखाली उभा राहू नकोस.”

“अगं, सागवान आहे ते. हत्ती टांगलास तरी हलणार नाही.” तिची भीती एकदाची घालवावी, एवढंच त्याच्या मनात असावं. त्याने रिकाम्या पाळण्याच्या साखळ्या दोन्ही हातांनी धरल्या आणि खाली ओढल्या. “बघ.”

काही मोडल्याचा आवाज आला नाही. भिजलेल्या पावातून काडी निघावी तसा आकडा निघून आला. पाळणा फरशीवर आदळला, साखळ्या आकड्यासकट त्याच्या हातात राहिल्या. रंगाला पडलेल्या भोकातून काळा, ओला भुगा त्याच्या खांद्यावर सांडला, आणि त्या भुग्यात राखाडी, पांढुरके जीव उजेडापासून पळू लागले.

तो तसाच उभा राहिला, साखळ्या धरून. चेहरा उतरलेला.

“आकडा माझ्याच हातात आला,” तो म्हणाला. “बाळ असतं तर.”

ती तुळईकडे बघत होती. भोकापासून रंगाखाली एक फुगवटा निघाला होता, इतके दिवस कुणाच्या नजरेत न आलेला. तो सरळ भिंतीपर्यंत गेला होता. तुळई भिंतीपाशी संपत नव्हती. भिंतीतून पलीकडे जात होती, सासूबाईंच्या पलंगाच्या बरोबर वरून. तिकडून त्यांचं थोपटणं ऐकू येत होतं, आणि वर, पाण्याची दुसरी बादली भरत होती.

ती दारापर्यंत धावली नाही, चालत गेली. पाय जपून टाकत, जमीन हलू नये तसे.

“आई,” ती हळू आवाजात म्हणाली, “बाळाला उचला आणि जशा आहात तशा बाहेर या. वर बघू नका. लवकर या.”