मोहरी भरलेली उशी

मी एक जुनी, मुठीएवढी उशी आहे. डोक्याखाली घ्यायची नव्हे, मित्रांनो. कर्करोगामुळे ज्या बाईचा एक स्तन काढावा लागतो, तिच्या कपड्यांत ती रिकामी जागा मी भरते. नाक मुरडू नका. तुम्हीच लाजलात, तर मी हे सांगायचं कोणाला?

मला रुग्णालयातल्या एका सिस्टरनं शिवलं. बाहेरून मऊ सुती कापड, आत कापूस, आणि दोन्ही बाजूंचं वजन सारखं राहावं म्हणून पोटात थोडी मोहरी. माझी मालकीण ग्रंथालयात काम करते. उंच कप्प्यावरचं पुस्तक काढायला तिनं हात वर केला, की सुरुवातीला मी थेट खांद्याकडे निघायचे आणि ती पुस्तक छातीशी धरून स्वच्छतागृहाकडे पळायची. मग तिच्या कपड्याला आतून टाके घालून माझ्यासाठी खिसा झाला आणि मी शहाण्यासारखी एका जागी बसले. सहकारी म्हणायचे, "काही झालं होतं असं वाटतसुद्धा नाही हो!" मला मांस कुठलं, तरी ते मूठभर चढायचं.

घरी मात्र सगळं बिनसलं होतं. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. ऑपरेशनला सहा महिने झाल्यावर एकदा त्यानं तिला जवळ घेतलं, आणि ती कळवळून बाजूला झाली. कर्करोग परत येऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्यांनी तिचं अंग आतून कोरडं पडलं होतं. पण हे कोणत्या तोंडानं सांगायचं? दुसऱ्या दिवशी त्यानं आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. "तुझी झोप मोडायला नको," एवढंच म्हणाला. तिनं ठरवून टाकलं, याला आपली किळस आली. त्या दिवसापासून तिनं मला झोपतानाही काढलं नाही.

तपासणीच्या वेळी डॉक्टर जखमेचं विचारायचे, हाताचं विचारायचे, वजन बघायचे. "बाकी?"

"बाकी सगळं ठीक."

ते खोटं होतं. तिची धडधड मला ऐकू येत होती.

वर्षभरात माझ्या खालची कातडी घामानं लाल झाली, चिरली. मलम लावताना सिस्टरनं ओळखलं. "ही झोपतानाही घालता? घरात तुम्ही दोघंच ना? मग लपवता कोणापासून?"

माझी मालकीण रडू लागली. सिस्टरनं दार लावून घेतलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"गोळ्यांमुळे होतं हे. पुष्कळ जणींना होतं. पण मनानं गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, यावर उपाय असतात. आणि घरी बोला."

"या वयात असलं काय बोलायचं? जीव वाचला हे काय कमी आहे?"

"जीव वाचला, तो जगायलाच ना?"

रविवारी दुपारी तो टेबलावर एक घड्याळ उघडून बसला होता. तिनं मला त्याच्यासमोर ठेवलं. "अहो, इकडे बघा," म्हणाली आणि अंगावरचा कपडा बाजूला केला.

त्यानं पाहिलं आणि मान वळवली.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती भराभर झाकून घेऊ लागली.

"थांब गं," तो डोळे पुसत म्हणाला. "त्या दिवशी माझ्यामुळे तुझी जखम दुखावली ना? म्हणून लांब राहिलो मी. आता बघवेना, एवढं सोसलंस तू."

"दुखलं होतं. पण जखम नाही," ती म्हणाली, आणि अडखळत का होईना, सगळं सांगत गेली.

मित्रांनो, अंथरूण त्याच दिवशी आत आलं असं मी सांगणार नाही. ते अजून बाहेरच आहे. वर्षभराची भीती एका दुपारी जात नाही. पुढच्या तपासणीला मात्र दोघं बरोबर गेले आणि "बाकी?" विचारल्यावर तिनं लाजत, खाली बघत, पण खरं सांगितलं.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. माझं मागणं उलटं आहे. रस्त्यात, कामावर तिला मी हवी असेन तर मी आहेच. पण स्वतःच्या घरात तिला मला बिनघोर काढून ठेवता येऊ दे. आणि तिनं काढलं, की डोळ्यांत पाणी आलं तरी चालेल, मान वळवू नका.